बायकोचा झीलकरी

जळकोटच्या मंगल कार्यालयावर ‘जिप्सी जॅझ महोत्सव’ असा फलक लागला, तेव्हा अर्ध्या गावाला वाटलं की जिप्सी गाड्यांची शर्यत आहे. पोरं हायवेवर वाट बघत बसली. आल्या त्या गिटारी, एक व्हायोलिन आणि माणसापेक्षा उंच एक तंतुवाद्य.

हा घाट राजनंदिनीनं घातला होता. ती गावचीच, सोलापुरात गिटार शिकवायची. सकाळी कार्यशाळा, संध्याकाळी मैफल. युरोपात पालं ठोकत फिरणाऱ्या लोकांचं हे संगीत, असं तिनं आदल्या साली गावात सांगितलं, तेव्हा गावातली ओव्या म्हणणारी मेंढपाळीण तारामती म्हणाली होती, “मग आमचंच की. आमीबी मेंढरामागं फिरतोच.” कार्यशाळेत ओव्या म्हणायचं तिनं तिथंच कबूल केलं.

श्रावणात तारामती तापानं गेली. महोत्सव माघात होता.

तारामती ओवी म्हणायची आणि नवरा धुळाप्पा मागं झील धरायचा. तिची ओळ संपली की शेवटचे शब्द उचलून पुन्हा म्हणायचे, एवढंच त्याचं काम. गाव त्याला बायकोचा झीलकरी म्हणून चिडवायचं. “व्हय, हाय,” म्हणून तो पुढं चालायचा.

कार्यशाळेच्या सकाळी धुळाप्पाचा थोरला भाऊ महालिंगप्पा दारात येऊन उभा राहिला.

“वर्षसराद झालं न्हाय आन तू गाणं म्हणणार?”

“तिनं शब्द दिलाय, अण्णा.”

“ती मेली.”

“म्या न्हाय मेलो.”

“मग वर्षसरादाला भावकी जेवाय यायची न्हाय. ध्यानात ठेव.”

धुळाप्पानं फेटा बांधला आणि तो निघाला.

कार्यालयात सतरंज्यांवर गाव दाटीनं बसलं होतं. या संगीतात ढोल नसतो, ठेका गिटारच धरते, हे राजनंदिनीनं सगळ्यांना वाजवून दाखवलं. मग ती धुळाप्पाला म्हणाली, “मामा, आता मामींची ओळ तुम्हीच म्हणा.”

“न्हाय. म्या झीलकरी.”

“मग ती ओळ मी वाजवू?”

“नगं. तू ठेका धर. तिच्या ओळीला तिचा वेळ सोड.”

गिटारीचा ठेका सुरू झाला. धुळाप्पा मान खाली घालून गप्प बसला. लोक एकमेकांकडं बघू लागले. ओळीएवढा वेळ गेला आणि त्यानं आवाज लावला, “माळाला ऊन राहिलं गं, ऊन राहिलं.” पुन्हा गप्प.

“अर्धीच ओवी व्हय रं?” मागून म्हातारा हरिबा म्हणाला. लोक हसले.

“अर्धीच उरलीया, हरिबा. हाय तेवढी म्हणतो.”

हसणं थांबलं. त्यानं दुसरी झील म्हटली, तिसरीही. चौथ्या वेळी तो गप्प होता, तेवढ्यात महालिंगप्पा दारातून आत आला.

“ऊठ. भावकीची अब्रू घालवू नगं. तुझ्या दारात कुत्रं येणार न्हाय.”

राजनंदिनीचा हात थबकला. धुळाप्पानं तिला वाजव म्हणून खुणावलं.

“अण्णा, बसायचं तर बसा, न्हायतर जावा,” तो म्हणाला. “मदी बोलू नका. तिची ओळ चाललीया.”

महालिंगप्पा फिरला. भावकीतले चार-पाच जण उठून त्याच्यामागं गेले. धुळाप्पानं तिकडं बघितलं नाही. तो ठेक्याकडं कान लावून बसला, आणि ओळ संपल्यावर आधीपेक्षा वरच्या आवाजात झील धरली.