एका सदनिकेसाठी दोन संघांचा पाठीराखा

सुज्ञ वाचकांच्या सेवेशी सविनय निवेदन करण्यात येते की, जपान देशी बेसबॉल नामक खेळाचे जे व्यावसायिक संघ आहेत, त्यांपैकी दोहोंच्या कडव्या पाठीराख्यांची, आणि एका भिडस्त मराठी गृहस्थाने एकाच रविवारी त्या दोहोंशी इमान राखण्याचा जो अचाट उद्योग आरंभिला त्याची हकीकत पुढे यथासांग कथन केली जाईल.

इसवी सन १९९६ च्या मे महिन्यात नंदकिशोर मोठ्या विवंचनेत सापडला होता. संगणकाच्या कामासाठी तो पुण्याहून तोक्योस आलेला. कोतो भागात कंपनीच्या वसतिगृहात त्याला एकट्या पुरुषापुरती खोली मिळाली होती. तेथे पत्नी सुमेधा आणि चिमुकली कन्या मिताली येऊन दाखल झाल्या, आणि वसतिगृहाच्या व्यवस्थापकाने कमरेत वाकून अत्यंत आदराने कळविले की, महिनाअखेरपर्यंत कुटुंबाची अन्यत्र सोय करावी. सोय न झाल्यास सुमेधेने मुलीला घेऊन पुण्यास परतावे, याखेरीज दुसरा मार्ग उरला नव्हता.

उरायासु येथे एक सदनिका दोघांच्याही मनात भरली होती. स्वयंपाकघरात उजेड होता आणि खिडकीतून खाडीचे पाणी दिसे. परंतु ती हाती येण्यास दोन पुरुषांची मर्जी आवश्यक होती. एक घरमालक कुरोइवा-सान आणि दुसरा जामीन. परक्या माणसास तेथे घर हवे असेल, तर कोणा जपानी गृहस्थाने करारावर जामीन म्हणून शिक्का उठवावा लागतो. नंदकिशोरसाठी तो शिक्का उठवू शकेल असा मनुष्य एकच, तो म्हणजे त्याचे कचेरीतील वरिष्ठ मोरिशिता-सान.

कुरोइवा-सान यांचे सायकलींचे दुकान होते. तथापि त्यांचे खरे जीवितकार्य म्हणजे ‘वानगान पेलिकन्स’ या संघाच्या पाठीराखे मंडळाचे प्रमुखपद. हा संघ प्रथम एका रेल्वे कंपनीचा होता, पुढे एका बिस्किटवाल्याने तो विकत घेतला, नंतर तो उत्तरेकडून उचलून खाडीकाठच्या भराव घातलेल्या जमिनीवर आणला गेला. नाव बदलले, गाव बदलले, गणवेश बदलला. बदलली नाही ती केवळ हार. कित्येक वर्षे तळाशी राहूनही पाठीराखे मात्र ढळले नाहीत. कुरोइवा-सान यांचा दंडक असा की, पेलिकन्सला न मानणाऱ्यास घर भाड्याने देणे नाही.

“पेलिकन्स आवडतात ना?” त्यांनी विचारले होते.

“हो, हो! फारच!” नंदकिशोर म्हणाला होता.

दुर्दैव असे की, मोरिशिता-सान हे ओसाकाचे, आणि ‘नानिवा बेअर्स’ संघाचे निस्सीम भक्त. कचेरीच्या मेजवानीत त्यांनी हाच प्रश्न बेअर्सबद्दल केला, तेव्हाही नंदकिशोरच्या मुखातून तेच उत्तर बाहेर पडले होते. नाही म्हणणे त्याला जन्मात जमले नव्हते. आता रविवारी दुपारी याच दोन संघांचा सामना. कुरोइवा-सान म्हणाले, “करार घेऊन येतो, उजव्या सज्जात या.” मोरिशिता-सान म्हणाले, “शिक्का खिशात ठेवतो, डाव्या सज्जात ये.”

“आता गं काय करायचं?” नंदकिशोरने डोक्याला हात लावला.

“दोघांनाही होय म्हणताना विचारलं होतंत मला?” सुमेधा म्हणाली. थोडा वेळ ती मितालीला थोपटत राहिली, आणि मग तिच्या डोळ्यांत जी चमक आली ती पाहून नंदकिशोर अधिकच घाबरला. “अहो, ती माणसं फक्त आपला संघ फलंदाजीला आला की ओरडतात ना?”

ही गोष्ट सत्य होती. तेथील रीतच अशी की, आपला संघ फलंदाजीस आला म्हणजे सारा सज्जा उभा राहतो. ढोल वाजतात, तुताऱ्या फुंकल्या जातात, प्रत्येक खेळाडूचे स्वतंत्र गाणे असते ते गायिले जाते. समोरचा संघ फलंदाजीस आला की हेच लोक शहाण्या मुलांसारखे खाली बसून डबे उघडतात. त्या वेळी कोणी उठून गेला तरी कोणाचे लक्ष नसते.

“मग पळा की!” सुमेधा म्हणाली.

तिने निळा व नारिंगी असे दोन्ही संघांचे डगले पाठीला पाठ लावून शिवले. उलटा केला की पेलिकन्स, सुलटा केला की बेअर्स.

रविवारी सुमेधा मितालीला घेऊन उजव्या सज्जात कुरोइवा-सान यांच्या पत्नीशेजारी बसली, आणि नंदकिशोरची धावपळ सुरू झाली. बेअर्सची फलंदाजी आली की डाव्या सज्जात मोरिशिता-सान यांच्या खांद्याला खांदा लावून नारिंगी वेषात आरोळ्या. ती संपली की धावफलकामागच्या बोळातून धूम, स्वच्छतागृहाच्या दाराशी डगला उलटा, आणि उजव्या सज्जात निळ्या वेषात तुताऱ्यांच्या तालावर टाळ्या. जाताना दोन्हीकडे कारण एकच, “पोट जरा बिघडलंय.”

“काय खाल्लंस रे?” मोरिशिता-सान कळवळून विचारत.

“तिखट कमी करा हो!” कुरोइवा-सान बजावत.

सामना अखेरच्या डावात आला तेव्हा धावा बरोबरीत होत्या आणि नंदकिशोरच्या पायांत गोळे आले होते. बेअर्सची शेवटची फलंदाजी चालू असताना कुरोइवा-सान यांना राहवले नाही. खारवलेल्या आंबट बोरांची डबी पोटावर उतारा म्हणून घेऊन ते स्वच्छतागृहाशी येऊन उभे राहिले. तिकडे बेअर्सचा डाव संपताच नंदकिशोर पुन्हा पळालेला पाहून मोरिशिता-सान गरम चहाचा पेला घेऊन त्याच्यामागे निघाले.

अशा रीतीने बोळात तिघांची गाठ पडली. नंदकिशोरचा एक हात निळ्या बाहीत होता आणि दुसरा नारिंगी बाहीत.

“हे काय सोंग?” कुरोइवा-सान गरजले.

“हा आमचा माणूस आहे,” मोरिशिता-सान म्हणाले. “सामनाभर आमच्यात ओरडतोय.”

“तुमच्यात? सामनाभर माझ्या शेजारी उभा होता!”

दोघेही एकदमच त्याच्याकडे वळले.

“आम्हाला फसवलंस होय?” कुरोइवा-सान यांनी पिशवीतला करार काढला आणि फाडण्यासाठी दोन्ही हातांत धरला. “जा आता, बेअर्सच्या गुहेत राहा!”

नंदकिशोरला त्या कागदामागे विमानात बसलेली मिताली दिसू लागली. इतक्यात मुलीला कडेवर घेऊन सुमेधा आली. एका दृष्टिक्षेपात तिने सारे ताडले, आणि मोडक्यातोडक्या जपानीत अत्यंत भोळेपणाने विचारले, “कुरोइवा-सान, पेलिकन्सच्या धावा झाल्या तेव्हा हे कुठे होते?”

“माझ्या शेजारी.”

“आणि मोरिशिता-सान, तुमच्या धावा झाल्या तेव्हा?”

“माझ्या शेजारी.”

“एक तरी धाव हे नसताना झाली?”

दोघेही विचारात पडले. कुरोइवा-सान यांनी बोटांवर मोजून आठवून पाहिले. मोरिशिता-सान यांचा चहा कलंडला. “नाही!” ते पुटपुटले. “एकही नाही!”

नंदकिशोर हा तर्कशुद्ध वृत्तीचा मनुष्य. फलंदाजी असल्याखेरीज धावा होतच नाहीत, हे निदर्शनास आणून देण्यासाठी त्याने तोंड उघडले, तोच सुमेधेने त्याच्या पायावर पाय दिला. “गप्प बसा हो!” ती मराठीत पुटपुटली, आणि पुन्हा जपानीत वळून म्हणाली, “पण घर नाही ना. आम्ही निघालो पुण्याला. तिकडे बेसबॉल नसतो.”

“असा पायगुणाचा माणूस घेऊन पुण्याला कसे जाल?” कुरोइवा-सान यांनी करार घाईने सरळ केला. “घर मी देतो. अडचण जामिनाची आहे. नानिवाची माणसं शिक्का काढायला भितात.”

“कोण भितं?” मोरिशिता-सान तांबडे झाले.

“विचार करा बरं. यानं भाडं थकवलं तर तुम्हाला माझ्या दुकानात यावं लागेल. वर पेलिकन्सचा झेंडा, आणि खाली तुमची मान वाकलेली! देवा, याला एकदा तरी थकवू दे!”

“थकवणारच नाही! आणा तो कागद! नंदकिशोर-सान, वाक!”

नंदकिशोर वाकला. त्याच्या पाठीचे मेज करून त्यावर करार पसरला गेला आणि मोरिशिता-सान यांनी अशा आवेशाने शिक्का उठवला की कण्यातून कळ गेली. ती कळ त्याला स्वर्गसुखासमान वाटली.

तोच उजव्या सज्जातून तुतारी वाजली. पेलिकन्सची अखेरची फलंदाजी! कुरोइवा-सान “चल!” म्हणून ओरडले, मोरिशिता-सान “खबरदार!” म्हणून ओरडले, आणि दोघेही आपापल्या दिशेने धावत सुटले.

“मी कुठे जाऊ?” नंदकिशोरने विचारले.

“कुठेच नाही,” सुमेधा म्हणाली. “ तिकडे गेलात आणि धाव झाली तर एक रुसेल, नाही झाली तर दुसरा. इथेच उभे राहा.”

मग ते तिघे धावफलकाच्या पाठीमागे उभे राहिले. तेथून खेळ तिळमात्र दिसत नव्हता. नंदकिशोरने शाई वाळावी म्हणून कागदावर फुंकर घातली.

“पडदे पिवळे लावू या का स्वयंपाकघराला?” सुमेधा म्हणाली.

“हो, हो!” तो म्हणाला, आणि या खेपेस त्याच्या मनात खरोखरच होय होते.

इतक्यात मैदानात प्रचंड गर्जना उठली. ती उजवीकडून उठली की डावीकडून, हे दोघांनाही उमगले नाही, आणि पाहावयास कोणीही गेले नाही.

येथवर ज्या सज्जनांनी व भगिनींनी आपला अमूल्य वेळ या हकीकतीस दिला, त्या सर्वांचे अंतःकरणपूर्वक आभार मानून लेखणी खाली ठेवतो. आपला नम्र, पंढरीनाथ धोंडिबा कुदळे.