एकोणिसावे पान

शनिवारी सकाळी चर्चच्या सभागृहात ऊन एकदम येत नसे. आधी ते उंच खिडक्यांच्या काचांवर नुसतेच थबके, पाणी घातलेल्या दुधासारखे फिके. मग रचून ठेवलेल्या खुर्च्यांच्या पाठींवरून उतरे, लाकडी जमिनीवरच्या बॅडमिंटनच्या पुसट रेषा एकेक करून ओलांडे, आणि साडेदहाच्या सुमारास टेबलावर अंथरलेल्या हिरव्या कापडाशी पोचे. तिथे कागदाच्या लगद्याची टेकडी होती. ऊन ती चढू लागले की शिशाच्या बोटभर सैनिकांच्या वीतभर सावल्या पडत. लेनर्ड ऑटवेल ते पाहत बसे.

तो पाणीपुरवठा खात्यातला निवृत्त आरेखक. सव्वीस वर्षांपूर्वी त्याने आणि बसचालक स्टॅन्ली रॅगने टेबलावर अशा सैनिकांनी खेळायच्या राक्षस-पऱ्यांच्या लढायांचे नियम मिळून रचले होते. चौसष्ट पाने, आकृत्यांसह. कोणीही घ्यावेत, खेळावेत, म्हणून ते संकेतस्थळावर फुकट ठेवलेले. गेल्या चार वर्षांत लेनर्डने सहा नव्या आवृत्त्या काढल्या. प्रत्येक आधीच्यापेक्षा आखूड. स्टॅन चुकला की त्याला वाटे, नियमच किचकट आहे. घरी जाऊन तो नियम काढून टाकी. आधी वारा गेला, मग जादू, मग घोडदळ. आता एकच पान उरले होते. दूरदेशीचे अनोळखी लोक ‘किती सुटसुटीत!’ म्हणून कळवत. दर शनिवारी इथे खेळायला जमणारी क्लबातली माणसे मात्र विटली होती.

“आज शेवटचं सांगते, लेन,” पऱ्यांची फौज मांडता मांडता ब्रेंडा हॅलम म्हणाली. “माझे घोडे दोन वर्षं डब्यात झोपलेत. याहून सोपं करायचं तर मग सापशिडीच आणू या की! पुढच्या शनिवारपासून आम्ही जुनेच नियम परत आणणार. ज्याला झेपेल तो खेळेल.”

ज्याला झेपेल. लेनर्डने स्टॅनकडे पाहिले. तो मन लावून चहात बिस्कीट बुडवत होता.

“ऐकतोयस ना, स्टॅन? एका वेळी एकच तुकडी. सहा इंच चाल, नाहीतर हल्ला. बस्स.”

“मला काय शिकवतोस, राजा? छत्तीस वर्षं बस हाकलीय. एक थांबा चुकला नाही.”

“प्रवासी चुकले असतील,” ब्रेंडा म्हणाली.

स्टॅन खदखदून हसला. मग त्याने टेकडीवरची हिरव्या बुटक्यांची तुकडी उचलली, मोजायची टेप लावली आणि बारा इंच पुढे, थेट ब्रेंडाच्या धनुर्धरांसमोर नेऊन ठेवली.

“सहा, स्टॅन,” लेनर्ड हलकेच म्हणाला.

“उतार आहे ना! बुटके उतारावर दुप्पट धावतात. आणि वारा पाठीशी असला तर समोरच्याचा पहिला बाण वाया. पान एकोणीस.”

“कुठलं एकोणीस? पान एकच आहे, बाबा!” ब्रेंडा हसली.

लेनर्ड हसला नाही. एकोणिसावे पान त्याने स्वतः टंकले होते. स्टॅन शेजारी बसून सांगत होता.

“सेनापती पडला तर?” लेनर्डने विचारले.

“तीन फासे. दोनांवर सहा आले तर फौज टिकते. पान एकतीस. तू पाचावर अडून बसला होतास, मी भांडून सहा करून घेतले.”

“घोडे दलदलीत शिरले तर?” ब्रेंडाने विचारले. तिच्या आवाजातली थट्टा ओसरली होती.

“अर्धी चाल. बेचाळीस. पण तुझे पांढरे असतील तर तेवढीही नाही, बाई. पाय भिजवायला नको त्यांना.”

लेनर्डने समोरचा एकुलता कागद पुढे सरकवला. “आणि हे? आत्ता सांगितलं ते?”

स्टॅनने कागद घेतला. दोन्ही बाजूंनी पाहिला. मागची बाजू कोरी होती.

“छान आहे,” तो अदबीने म्हणाला. “कोणाचं आहे हे?”

मग ब्रेंडाने आपल्या धनुर्धरांची रांग नीट केली.

“बरं,” ती म्हणाली. “वारा तुझ्या पाठीशी आहे. माझा पहिला बाण वाया. खेळ पुढे.”

स्टॅनने फासे उचलले. लेनर्ड त्याच्या हातांकडे पाहत राहिला. नियम कधीच अवघड नव्हते. स्टॅन आजारी होता.