रमजानची ज्वारी

“अहो, दिली की थैली! कधीच दिली!” आदम ट्रकवाला चहाचा पेला खाली ठेवत म्हणाला. “गदारिफला, तुमच्या सासूबाईंच्या हातात. पंधरा दिवस झाले असतील.”

इंतिसार मटकन त्याच्याशेजारी बाकावर बसली. महिनाभर ती सासर सोडून कसालाच्या ट्रकतळावर या माणसाला धुंडत फिरत होती, आणि थैली सुखरूप घरी पोचली होती! नवरा गेल्यापासून ती पहिल्यांदा हसली, आणि हसता हसता रडायला लागली.

“तिजानीसाहेबांनी बजावलं होतं, आईच्याच हाती दे म्हणून,” आदम ओशाळून म्हणाला. “वाटेत नाके, त्यात गाडी बिघडली, उशीर झाला. पण दाणा सांडू दिला नाही, अल्लाची शपथ.”

“तुझं भलं होवो रे बाबा,” ती म्हणाली आणि तशीच गाडी धरायला धावली.

थैलीत ज्वारीच होती. ज्वारीपायी एवढा जीव कोण टाकतं, असं ज्याला वाटत असेल त्याने ते इंतिसारसमोर बोलून बघावं. मदनी शहरातल्या संशोधन केंद्रात ती आणि तिचा नवरा तिजानी लग्नाआधीपासून ज्वारीच्या एकाच वाणामागे लागले होते. दाणा माणसाला, शेवटपर्यंत हिरवा राहणारा कडबा जनावराला, आणि ताटाच्या गोड रसाचं इंधन इंजिनाला. दुसऱ्या वाणाचा पराग येऊ नये म्हणून फुलोऱ्याच्या आधी दोघं कणसाकणसावर कागदी पिशव्या चढवत. बांधावरची पोरं ओरडत, “आले बघा, ज्वारीला टोप्या घालणारे!” तिजानी उलट ओरडे, “टोपी नाही रे गाढवांनो, घुंघट आहे! नवरी आहे ती!” तेव्हापासून त्या वाणाचं नाव नवरीच पडलं. नवरीचा दाणा खायची सोय नव्हती, होता तेवढा पुन्हा पेरणीला लागे. इंतिसारने एकदा हुरड्यासाठी हात पुढे केला तर तिजानीने चापट मारली होती. “पोत्यांनी पिकू दे,” तो म्हणाला होता, “मग नवरीचीच भाकरी खा हवी तेवढी.”

मग लढाई शहरात शिरली. त्याने बायकोला गदारिफला आपल्या आईकडे पुढे धाडलं आणि स्वतः बियाण्यासाठी मागे राहिला. लुटारूंनी शीतखोली फोडली, वर्षांवर्षांचं बियाणं बुटांखाली तुडवलं. “एक थैली वाचली गं,” तो शेवटच्या फोनवर म्हणाला होता, “आदमजवळ दिलीय. नवरीला सांभाळ.” दुसऱ्या दिवशी केंद्राच्या फाटकापाशी त्याला गोळी लागली. शेजाऱ्यांनी तिथेच पुरला. इंतिसारला त्याचं तोंडही दिसलं नाही. पावसाळ्यात नवरी पेरायची, या एका गोष्टीवर ती श्वास घेत होती.

गदारिफच्या गल्लीत शिरताच वास आला. आंबूस, गोडसर, मसाल्यांचा खमंग वास. रमजान उद्यावर आलेला, घरोघर हिलू-मुर भाजलं जात होतं. ज्वारीला मोड आणायचे, वाळवून दळायची, पीठ मसाल्यांत आंबवून तव्यावर पातळ पापुद्रे काढायचे, आणि महिनाभर रोजा सोडताना ते पाण्यात भिजवून प्यायचे. इंतिसारची पावलं झपाझप पडू लागली. बाजारची ज्वारी असेल, तिने मनाला बजावलं. गदारिफमध्ये ज्वारीला काय तोटा!

अंगणात तिची सासू, हाज्जा बतूल, तव्यापुढे बसली होती. मागे दोरीवर थैली वाळत होती, स्वच्छ धुतलेली.

“आलीस? किती वाळलीस गं!”

“यम्मा, थैलीतलं कुठाय?”

“हे काय समोर. तुला आल्या आल्या दाखवायचं म्हणून कुणाकडे निरोपसुद्धा धाडला नाही.”

“सगळं? सगळं दळलंत?”

“मग काय, अर्धं किड्यांना ठेवू? ओल्या पोत्यावर पसरली, तर तिसऱ्या दिवशी झाडून सगळ्या दाण्यांना मोड! एक मेला वांझ निघाला नाही. उभ्या जन्मात अशी ज्वारी पाहिली नाही मी.”

इंतिसारने थैली ओढून घेतली, उलटी केली, शिवणी नखाने उसवल्या. पोतं झटकलं. जात्याच्या फटीत काडी घातली. पोतं पसरलं होतं तिथली जमीन कोंबड्यांनी कधीच टिपून साफ केली होती. ती परत तव्यापाशी आली. म्हातारे, काय करून बसलीस तू! शब्द अगदी ओठावर आले.

हाज्जा पापुद्रा सोडवत होती. “शिकायला गेला तेव्हापासून दर रमजानला ज्वारीची थैली धाडायचा,” ती वर न बघता म्हणाली. “यंदा म्हटलं, आता कोण धाडणार? भिंतीकडे तोंड करून पडले होते बघ. आणि दारात ट्रक! अगं, मेला तरी पोरगा आईचा रमजान विसरला नाही.” तिने पदराने डोळे पुसले. धुराचं निमित्त बरं होतं.

आईच्याच हाती दे, असं तिजानीच म्हणाला होता. रमजानच्या तोंडावर आईच्या हाती आलेल्या ज्वारीचं दुसरं काय होणार, हे त्या शहाण्याला त्या घाईत सुचलं नाही. आता कुणाशी भांडायचं? इंतिसारचं काळीज फाटलं होतं आणि तिला मोठ्याने रडायचीही चोरी होती. तिने ओठ आवळले आणि भाजलेले पापुद्रे घडी घालून टोपलीत रचायला घेतले.

दुसऱ्या दिवशी सूर्य मावळला, अजान झाली. हाज्जाने वाडगा तिच्या हातात दिला. इंतिसारने खजूर खाल्ला आणि डोळे मिटून पहिला घोट घेतला.

“कसं झालंय?”

“गोड.”

“साखर निम्मीच घातलीय. दाणाच गोड आहे.”

ताटाच्या रसाचा गोडवा तिने वर्षानुवर्षं मोजला होता. दाण्याची चव मात्र तिने आज पहिल्यांदा घेतली, आणि आता ती कुणालाच पुन्हा मिळणार नव्हती.

“पुढच्या रमजानला हीच आण हं,” हाज्जा म्हणाली. “मिळते ना तिकडे?”

“मिळते.”

“आणशील? विसरशील बाई तू.”

“आणीन, यम्मा.”

तिने वाडगा रिकामा केला. बुडाशी गाळ राहिला होता, त्यात पाणी घालून बोटाने ढवळलं आणि तेही पिऊन टाकलं.