दुसरा अर्धा

"ताई, जिभेला लावू नकोस. माझा पाय पडलाय त्याच्यावर," भाऊ म्हणाला.

दगड की हाड, ही तिची पहिली परीक्षा जिभेचीच. हाड जिभेला चिकटतं. संग्रहालयाच्या मागच्या खोलीत बावीस वर्षं ती सुईने दगड झालेली जुनी हाडं साफ करत होती. आज मात्र तिने भावाचं ऐकलं. माती सुटली तशा पंख्यासारख्या रेघा उघडल्या.

"समुद्रातला शिंपला आहे रे."

भाऊ विहिरी खणायचा. हा शिंपला त्याला चाळीस हात खोलीवर सापडला होता. पाणी लागलं म्हणून काम थांबलं होतं, विहिरीचं आतलं बांधकाम होईपर्यंत त्याला सुट्टी. तो हसला. समुद्र बघायला दोन दिवस गाडीत बसावं लागतं आणि हा लबाड माझ्याच पायाखाली दडून बसला होता, म्हणाला.

दगड घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला सांगायची ते ती सवयीने सांगून गेली. "अर्धाच आहे. दुसरा अर्धा मिळाला तर काचेच्या कपाटात ठेवतील. चिठ्ठीवर तुझं नाव."

तो लाजला. आजवर त्याच्या प्रत्येक विहिरीवर नाव मालकाचं लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेजावर सांडलेली निळसर माती तिने गोळा केली आणि चिमूटभर जिभेवर ठेवली. मातीने जीभ धरली. सोडेना. ही चव ओळखीची होती. वडिलांच्या पायांना लागून घरी येणारी ही माती दोघं भावंडं चोरून खायची. वाळली की दगड, भिजली की लोणी, असं वडील म्हणायचे. शेवटच्या विहिरीत तीच त्यांच्यावर ढासळली.

तिने फोन लावला. भावजयीने उचलला. "पहाटेच गेलेत. तुमच्यासाठी काहीतरी आणायचंय म्हणाले."

ती पोचली तेव्हा विहिरीभोवती माणसं होती, आत निळसर माती ढासळली होती. दोर सैल लोंबत होता. दोर धरणाऱ्या जोडीदाराने टोपली पुढे केली. आत भावाच्या डोक्याचं फडकं, फडक्यात शिंपला.

"आधी हे वर घे म्हणाला. फुटेल, जपून ओढ म्हणाला."

महिन्याने कपाटात जोडी मांडली. दोन्ही अर्धे नीट बसले. चिठ्ठीवर नाव तिनेच लिहिलं. संग्रहालयाच्या साहेबांनी वाकून पाहिलं. एका अर्ध्यावरची माती काढायची राहिली, म्हणाले.

त्या मातीत बोटांचे तीन ठसे होते.

"राहू दे," ती म्हणाली आणि कपाटाची काच ओढून घेतली.