मी आपोआप उडाले नव्हते

मी अब्रेसिया गावची एकनळी बंदूक बोलतेय. गोड बोलायची सवय मला कधीच नव्हती, आणि माझ्यावर जो आळ आला त्यानंतर तर मुळीच नाही. बाडूच्या पोटरीत छर्रे घुसले ते माझ्याच नळीतून, हे मी नाकारत नाही. पण "बंदूक आपोआप उडाली" असं गावभर झालं, पोलिसाच्या वहीतही तसंच लिहिलं गेलं. ते मात्र मी कधीच मान्य करणार नाही. त्या दिवशी जे घडलं त्याला माणसांचे हात लागले होते. एकाचे नव्हे, तिघांचे.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. आमच्यासारख्या स्वस्त बंदुका तिथे ढिगानं निघत. महागड्या बंदुकांचा चाप कारागीर हातानं घासूनपुसून बसवतात. आमचा नुसता ठोकून बसवला. त्यामुळे माझा चाप पहिल्यापासून जड.

माझं पोट उघडून कुणी पाहिलं तर आत फार काही नाही. घोडा मागे ताणला की त्याच्या एका खाचेत चापाचं टोक अडकतं. चाप ओढला की टोक सुटतं, घोडा पुढे आदळतो आणि काडतूस फुटतं. ती खाच तांदळाच्या दाण्याहून मोठी नाही. माझा सगळा भरवसा त्या दाण्याएवढ्या जागेवर.

माझा पहिला मालक अम्पोन्फी. कोकोची बाग होती त्याची, बोटं लाकूडतोड्याची. जड चापाचं त्याला काहीच वाटलं नाही. श्वास धरायचा, सावकाश ओढायचा, आणि उंच गवतातून निघालेला अक्रांती जागीच पडायचा. अक्रांती म्हणजे उंदराच्याच जातीचा, पण सशाहून थोराड प्राणी. त्याचं मांस रश्श्यात शिजलं की शेजारीपाजारी उगाच चौकशीला येत. बावीस वर्षं मी त्या घराला मांस पुरवलं. दर आठवड्याला अम्पोन्फी माझ्या सांध्यांत चमचाभर ताडतेल ओतायचा आणि लाडानं म्हणायचा, "खा बाई, तुझंही पोट भरू दे." मला वाटायचं, काय हे प्रेम! प्रेम होतंच. त्या प्रेमानं माझं काय केलं ते पुढे कळलं.

मग त्याच्या बोटांचे सांधे सुजले. चाप ओढला जाईना. त्यांच्यात वारसा भाच्याकडे जातो, म्हणून त्यानं कुमासीहून परत आलेल्या भाच्याला बोलावलं. त्याचं नाव अडुसे. शहरात बुटांच्या दुकानात होता. हात मऊ, तोंड चुरचुरीत, स्वभावानं वाईट नाही, पण कुणी हसलेलं त्याला सोसत नसे.

"चाप जड आहे," मामानं सांगितलं. "महिनाभर रिकाम्या बंदुकीनं सराव कर. मग काडतूस घाल."

"हो मामा," अडुसे म्हणाला, आणि तिसऱ्याच दिवशी काडतूस घालून निघाला.

त्याच्याबरोबर बाडू होता. बाडू गवतात शिरून, कुत्र्याला सोडून, जनावर उठवायचा. गावात त्याच्यासारखा हाका घालणारा दुसरा नव्हता. जनावर उठलं. अडुसेनं चाप ओढला, ओढता ओढता माझं तोंड उजवीकडे वळलं आणि छर्रे केळीच्या खुंटात गेले. असं एकदा नाही, चारदा झालं.

"अडुसे," बाडू गवतातून बाहेर येत म्हणाला, "तू त्यांना मारायला येतोस की उठवायला? उठवायचं काम माझं आहे. मारायचंही मीच करायचं असेल तर तसं सांग."

लाकडाच्या मोळ्या घेऊन निघालेल्या बायका हसल्या. अडुसेचे कान तापले. घरी येऊन त्यानं मामाला सांगितलं की बंदुकीवर कुणीतरी काहीतरी केलंय.

म्हणजे नेम चुकला त्याचा, दोष माझा! मग एका बुवाला बोलावलं. त्यानं माझ्या अंगावर अंडं फोडलं, तोंडातल्या तोंडात काही पुटपुटला, आणि जाताना कोंबडी घेऊन गेला. बलक माझ्या फटीत शिरून वाळला. बावीस वर्षांत मला उघडून आत पाहावं असं कुणाला सुचलं नाही, पण अंडं फोडायचं बरोबर सुचलं.

अंड्यानं चाप हलका झाला नाही, तेव्हा अडुसे मला गुपचूप रस्त्याकडेच्या सोलोकडे घेऊन गेला. सोलो सायकली आणि मोटरसायकली दुरुस्त करायचा. त्याच्या शेडमध्ये साखळ्या लोंबत होत्या, आणि त्याच्या हातात होती कानस.

"हलका करून दे," अडुसे म्हणाला.

"किती हलका?"

"एकदम. बोट लागलं की सुटला पाहिजे."

सोलोनं माझा घोडा बाहेर काढला, खाच पाहिली, आणि कानस चालवली. बंदुकीच्या पोलादाला वरून पातळ, कडक कातडी असते. आतलं लोखंड मऊ. सोलोनं ती कातडीच खरवडून काढली आणि खाच निम्म्याहून उथळ केली. त्याला ते ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नाही हे म्हणायची त्याला लाज वाटली. पुन्हा जोडल्यावर त्यानं घोडा ताणला आणि करंगळीनं चाप दाबला. खट.

"बघ," तो खूश होऊन म्हणाला. "लोणी."

मी ओरडून सांगत होते की आता माझा भरवसा उरला नाही. पण आमचं ओरडणं एकाच प्रकारचं असतं, आणि ते ऐकू येतं तेव्हा उशीर झालेला असतो.

पंधरा दिवस अडुसेचा थाट काय वर्णावा! तीन अक्रांती मारले. बाडूच्या बायकोला, पोकुआला, अख्खी मागची तंगडी नेऊन दिली. गावात म्हणू लागले, अम्पोन्फीचा हात भाच्यात उतरला. आणि इकडे प्रत्येक बारानंतर माझी खाच झिजत होती.

मग ती सकाळ. उन्हं वर आली होती. बाडू कसाव्याच्या कंदांच्या शेतापलीकडच्या गवतात शिरला. अडुसेनं घोडा ताणून ठेवला. जनावर काही उठलं नाही. अडुसेला तहान लागली. घोडा खाली उतरवावा, काडतूस काढावं, निदान माझं तोंड दुसरीकडे वळवावं, यातलं काहीही न करता त्यानं मला पडलेल्या ओंडक्याला टेकवलं आणि बाटली तोंडाला लावली. मी घसरले. दस्ता मुळावर आपटला. चापाला कुणाचंही बोट लागलं नव्हतं. झिजलेल्या खाचेतून घोडा निसटला.

बाडू "आई" एवढंच म्हणाला आणि खाली बसला.

अडुसे धावला, हे खरं. स्वतःचा सदरा फाडून त्यानं जखम बांधली, बाडूला पाठीवर घेऊन रस्त्यापर्यंत पळत गेला, हेही खरं. दवाखान्यात पाय वाचला, पण पोटरीची शीर आखडली. बाडूची हाका घालायची चाल गेली ती गेलीच. पोलीस आला. त्यानं विचारलं, काय झालं?

"आपोआप उडाली," अडुसे म्हणाला.

पोलिसानं तेच लिहून घेतलं. कानशीचं नाव नाही, सोलोचं नाही, ओंडक्याचं नाही.

महिन्याभरानं गावच्या प्रमुखांच्या अंगणात बैठक बसली. प्रमुखांना सगळे नाना म्हणतात. मला मधोमध चटईवर ठेवलं होतं, पिसाळलेल्या कुत्र्याला ठेवावं तसं लांब. वडीलधारे एकामागून एक बोलले. बंदूक वाईट आहे. बंदुकीला माणसाच्या रक्ताची चटक लागली. करवतीनं दोन तुकडे करून तानो नदीत टाकावी. अम्पोन्फी मान खाली घालून बसला होता. बावीस वर्षांचा संसार, पण माझ्या बाजूनं तो एक शब्द बोलला नाही. तो राग माझा अजून गेलेला नाही.

तेवढ्यात बाडू काठीच्या आधारानं उठला.

"नाना, मला बोलायचंय."

"बसून बोल, बाडू."

"बसलो की पाय दुखतो. उभाच राहतो. छर्रे माझ्या पायात गेलेत, या मंडळींच्या नाही. ही बंदूक मी बावीस वर्षं पाहतोय. म्हाताऱ्याच्या हातात असताना ही झाडावरून खाली पडली होती, माझ्यासमोर. तेव्हा उडाली नाही. मग आताच हिला काय झालं? नदीत टाकायच्या आधी उघडून बघा."

"उघडून काय दिसणार?" एक म्हातारा कुरकुरला.

पोकुआ मागून म्हणाली, "माझ्या नवऱ्याचा पाय उघडून पाहिला की नाही? मग ही काय लाजाळू नवरी आहे?"

नानांनी शेजारच्या गावाहून क्रांपाला बोलावलं. हा सत्तरीचा लोहार आयुष्यभर बंदुकाच दुरुस्त करत आलेला. त्यानं मला मांडीवर घेतलं, आधी बिजागरीवर मोडून, म्हणजे नळी खाली झुकवून, ती रिकामी असल्याची खात्री केली, मग एकेक खिळा काढत मला उघडलं. किती वर्षांनी कुणीतरी माझ्याकडे असं पाहिलं.

"हे काय आहे?" त्यानं बोटावर काळी, चिकट लापशी काढून दाखवली.

"ताडतेल," अम्पोन्फी हळूच म्हणाला. "मी घालायचो."

"बंदूक आहे ती भाऊ, रस्सा नाही. ते आत सुकून डिंक झालंय. वरून धूळ, गंज. आणि हे पिवळं काय?"

"अंडं," कुणीतरी म्हणालं. अंगणात हशा पिकला.

क्रांपा हसला नाही. "हिचा चाप जड होता ना? निम्मा जडपणा या घाणीचा होता. रॉकेलनं धुतली असती तरी पुरे झालं असतं." मग त्यानं घोडा उन्हात धरला. खाचेवर कानशीचे ओरखडे चकाकत होते. "हे कुणी केलं?"

अडुसे आपल्या पायांकडे पाहत होता. शेवटी मागच्या रांगेतून सोलो उठला.

"मी. मी ब्रेक बसवतो, साखळ्या लावतो. मला बंदुकीतलं कळत नाही. हे त्याच दिवशी सांगायला हवं होतं."

"त्याला मी सांगितलं," अडुसे म्हणाला. "मामापासून लपवून नेली. घोडा ताणलेलाच ठेवला होता. लोक हसत होते, नाना. मला ते सहन झालं नाही. पोलिसाला मी खोटं सांगितलं."

मी चटईवर उघडीनागडी पडले होते, पण त्या क्षणी मला माझी लाज वाटली नाही.

नानांनी ठरवलं: अडुसेनं पोलिसाकडे जाऊन खरं सांगायचं, आणि पोकुआ पुरे म्हणेपर्यंत बाडूचं शेत राबायचं. मला क्रांपाकडे दिलं.

क्रांपानं घाई केली नाही. मला धुतलं, गंज काढला. घोड्याला नवा पोलादी तुकडा बसवून खाच पुन्हा पुरती खोल कोरली, भट्टीत तापवून तिला कडक कातडी दिली. मग एकमेकांवर घासणारे पृष्ठभाग तेवढे मऊ दगडानं गुळगुळीत केले. खोली तीच, कोन तोच, फक्त खरखर गेली. चापाला डबा टांगून त्यात मूठमूठ वाळू घालत तो घोडा कधी सुटतो ते बघायचा, आणि मान हलवून पुन्हा दगड हाती घ्यायचा. शेवटी रिकाम्या बंदुकीचा घोडा ताणून त्यानं माझा दस्ता जमिनीवर आपटला, लाकडी हातोड्यानं चहूबाजूंनी ठोकलं. घोडा हलला नाही. चाप हलका करायचा तो असा. हे सगळं सोलोच्या शेडपासून तासाभराच्या वाटेवर होतं, आणि कुणी आलं नाही.

अम्पोन्फीनं मला परत घेतलं नाही. "मी तुझ्याकडे बघू शकत नाही," म्हणाला. लोकांनी पुन्हा तानो नदी काढली. तेव्हा बाडूनंच मला मागितलं, चौकीत जाऊन परवाना काढला.

"तुझं डोकं ठिकाणावर आहे का?" पोकुआनं विचारलं.

"आता मला पळता येत नाही. एका जागी बसून नेम धरता येतो."

आता मी त्याच्या घरी असते. आडव्या तुळईला टांगलेली, काडतुसं दुसऱ्या खोलीत. माझा चाप असा सुटतो की नळी जागची हलत नाही. अक्रांती कसावा पोखरतात, बाडू मारतो, आणि तक्रार कुणाची नसते.

माझा संताप मात्र आहे तिथेच आहे. अजून कुणीतरी दारावरून जाताना म्हणतं, "हीच ना ती, आपोआप उडालेली?" तुमच्या घरात माझी एखादी बहीण असेल, तिचा चाप जड वाटत असेल, तर तिच्यावर अंडी फोडू नका, तिला सायकलवाल्याकडे नेऊ नका. जाणता माणूस शोधा. आणि ज्या हातानं चूक झाली त्या हाताचं नाव घ्या.

परवा अडुसे शेतातून आला. पोकुआनं अजून पुरे म्हटलेलं नाही. बाडू माझ्या सांध्यांना तेल लावत होता, खरं, बंदुकीचं तेल. त्यानं मला पुढे केलं. "धर जरा, फडकं आणतो."

अडुसेचा हात मध्येच थांबला. मग त्यानं मला घेतलं, तोंड जमिनीकडे वळवलं, कुणी न सांगता मला मोडलं आणि रिकाम्या नळीतून आरपार पाहिलं. एकदा पाहिलं. पुन्हा एकदा पाहिलं. बाडू दारात उभा राहून ते बघत होता. फडकं आणायला तो गेलाच नाही.