हरिश्चंद्राचं गाऱ्हाणं

"रे म्हाराजा, ह्या लेकराची वाट चुकली हाय, ती सरळ कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" देवळात जमलेला गाव एका सुरात ओरडला.

आप्पा गुरवांनी नारळ पुढे केला. "हरिश्चंद्रा, ठेव हात. बोल, दारू पिणार नाय, सांजचा घर सोडणार नाय."

आता गंमत अशी, की हरिश्चंद्राने उभ्या जन्मात दारूचा थेंब चाखला नव्हता.

पावसाळ्यात मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या. दिवसभर जाळी दुरुस्त करून झाली, की हा बाबा गुपचूप आरे-वाऱ्याच्या किनाऱ्याकडे जायचा, झाकून ठेवलेल्या एका जुन्या होडीच्या झावळ्यांच्या झापाखाली बसायचा आणि चित्रं काढायचा. सुरूची झाडं, कुर्ल्या, गंजलेला नांगर, जे दिसेल ते. रोज थोडं तरी काढल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. अंधार पडताना परतायचा, पेन्सिलीने काळे झालेले हात बाहेरच्या नळावर खसाखसा धुवायचा आणि कुणाशी न बोलता पानावर बसायचा. त्याच्या बायकोने, हौसाने, यातून जे समजायचं ते समजून घेतलं. तिच्या जागी कुठलीही बायको तेच समजली असती.

एकदा होडीवर त्याने झोपलेल्या खलाशाचं चित्र पुठ्ठ्यावर काढलं होतं, तर हंगामभर सगळे त्याला 'बालवाडी' म्हणत होते. ज्याच्या शब्दावर होडी वळते तो तांडेल पन्नाशीत पेन्सिल घेऊन बसतो, हे गावाला कसं सांगायचं? गावात दारुडे पुष्कळ होते. त्यांना कुणी हसत नव्हतं.

तरीही तो बोलणार होता. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात त्याला हौसा दिसली. तोंडाला पदर लावून ती रडत होती आणि बायका तिची पाठ थोपटत होत्या. आता खरं सांगितलं, तर भर देवळात हसं व्हायचं ते तिचं. त्याचे कान लाजेने तापले.

"नाय जाणार," नारळावर हात ठेवून तो म्हणाला.

देवापुढे दिलेला शब्द त्याने पाळला. संध्याकाळी तो ओटीवर बसून राही. हौसा त्याला गरम घावणे वाढी आणि शेजारणींना सांगे, "कसा तेज आलाय बघा तोंडावर!" मग तो उगाच चपला झटकत बसे.

श्रावणात एका संध्याकाळी वाडीतली तुळसा आपल्या नवऱ्याला, विनोदला, घेऊन आली. विनोदच्या तोंडाला खरोखरचा वास येत होता.

"दादा, तुमी कशी सोडलात, ता ह्यांना सांगा. माझा ऐकत नायत."

हौसाने लगबगीने खुर्ची पुढे ओढली. हरिश्चंद्राला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं.

विनोदनेच हळूच विचारलं, "लय आठवण येते काय ओ?"

खोटं बोलायला आता हरिश्चंद्राच्यात बळ नव्हतं.

"सांज झाली की येते," तो म्हणाला. "हात गप ऱ्हात नायत. लोकांना वाटता, सुटली. माझा मन अजून थयच असता."

विनोद त्याच्याकडे बघत राहिला आणि एकदम हुंदके देऊन रडायला लागला. तुळसाने हात जोडले. हौसा आतून पाणी घेऊन आली आणि नवऱ्याकडे अशा अभिमानाने बघत उभी राहिली, की हरिश्चंद्राला मान वर करता येईना.