उसना कुटुंबप्रमुख

आमदार रामराव, म्हणजे आमचे भाऊ, नागपूरच्या अधिवेशनात कुटुंब आधार आणि रोजगार या विषयावर बोलायला उभे राहिले, तेव्हा मी वर गॅलरीत बसून जांभया देत होतो. भाऊंचं म्हणणं असं, की भावाभावांच्या चुली वेगळ्या होतात, मग म्हातारे कोणी बघायचे आणि लेकरं कोणी सांभाळायची हे सगळं सरकारच्या गळ्यात येतं. म्हणून जे घर एका चुलीवर जेवतं, त्या घराला गावात निघणारी एक नोकरी द्यावी. इथवर ठीक होतं. पण समोरच्या बाकावरून कोणीतरी विचारलं, घर एका चुलीवर जेवतं हे तपासणार कोण? भाऊंना टाळ्या मिळत होत्या. टाळ्या मिळायला लागल्या की त्यांच्या जिभेला लगाम राहत नाही. ते म्हणाले, मी स्वतः पंगतीला बसून खात्री करीन.

ते वाक्य जसंच्या तसं नियमात आलं. मी नरहर, राहणार नवीन जालना, भाऊंचा स्वीय सहायक. मी त्यांना तेव्हाच म्हटलं होतं की हे वाक्य काढून घ्या. ते म्हणाले, दिलेला शब्द आहे. मग योजना आधी आमच्याच मतदारसंघात करून बघायची ठरली आणि भाऊ जेवायला लागले.

दिवसाला कधी सात घरं, कधी नऊ. घरोघर बाजरीची भाकरी, येसराची आमटी, वर आग्रहाची बुंदी. भाऊंच्या कुर्त्यांच्या शिवणी उसवल्या, त्यांना बसता येईना, बसले की उठता येईना. मी खिशात ओव्याची पुडी ठेवायला लागलो. बाकीचे आमदार मतदारसंघात जाऊन भाषण करतात, आमचे ढेकर देत होते, आणि तो ढेकर म्हणजे मंजुरी असं लोकांनी धरूनही टाकलं होतं.

लोक काय, हुशारच. वर्षानुवर्षं वेगळे राहिलेले सख्खे भाऊ त्या एका दिवसापुरते मधलं दार उघडायचे. एका घरात तर बांधावरून भांडलेले दोघे भाऊ आमदाराच्या डाव्या-उजव्या हाताला बसले होते आणि एकमेकांशी आमदाराच्या मार्फत बोलत होते. भाऊ, ह्याला म्हणावं मीठ सरकव. भाऊ, ह्याला म्हणावं हात लांब कर. भाऊंनी मीठ दिलं, ढेकर दिला, घर मंजूर केलं. आमची जीप वळायच्या आत मागे चूल फोडल्याचा आवाज आला. मी भाऊंकडे बघितलं. ते डोळे मिटून म्हणाले, एकत्र कुटुंबं वाढून राह्यली, नरहर.

असं करत आम्ही राजूरच्या अलीकडे एका खेड्यात आलो. तिथे कापूस वेचायला जाणाऱ्या बायांच्या लेकरांसाठी पाळणाघर निघणार होतं आणि त्यात सेविकेची एक जागा होती. खरं तर पाळणाघर तिथे आधीपासूनच होतं, बेबीनंदाच्या अंगणात. सकाळी बाया शेतात जाताना लेकरं तिच्या ओट्यावर सोडून जायच्या आणि ती दिवसभर त्यांची नाकं पुसायची, खिचडी भरवायची, फुकट. ही जागा आपल्यालाच मिळावी एवढं एकच तिला हवं होतं. आपल्या नावाचा पगार, बस.

तिचं घर असं. कचरू नावाच्या गृहस्थाची गोजरबाई ही पहिली बायको. मूल होईना म्हणून त्याने बेबीनंदा आणली. तिलाही होईना. मग एक दिवस तो सोयाबीन विकायला जाफराबादला गेला आणि तिथल्या उषाबाईच्या घरी राहिला तो राहिलाच. त्याला बारा वर्षं झाली. इकडे या दोघी सवती एका चुलीवर रांधून, एका परातीत कालवून जेवत होत्या. आमच्या योजनेला साजेसं सगळ्या गावात हेच एक घर होतं. पण ग्रामसेवकाने सांगितलं, बाई, तुम्ही दोघी कागदावर एकमेकींच्या कोणीच लागत नाही. मध्ये माणूस असला तरच घर धरता येईल.

म्हणून त्यांनी मधला माणूस उसना आणला.

हे मला कळलं ते असं. भाऊ आत पंगतीला बसले होते, दारात साक्षीला गावचे चार पंच बसले होते आणि बाहेर ओट्यावर एक बाई पिशवी मांडीवर घेऊन सारखी रस्त्याकडे बघत होती. मी विचारलं, तुम्ही घरच्याच का? ती उषाबाई निघाली. कचरूला जेवणापुरता द्यायचा आणि बदल्यात पायलीभर तूरडाळ घ्यायची, असा सौदा झाला होता. ती म्हणाली, "पाचच्या गाडीनं न्यायचाय त्याला. माणूस माझा हाय. जल्दी आटपा म्हणावं."

मी कपाळाला हात लावून आत गेलो. कचरू पाटावर ऐटीत बसला होता. पाण्याचा तांब्या घ्यायला त्याने हात लांबवला तो कोपऱ्यातल्या कोंबड्यांच्या डालीकडे. बेबीनंदाने मुकाट्याने तांब्या पुढे सरकवला. भाऊंचं लक्ष नव्हतं, ते त्या दिवशीच्या सहाव्या भाकरीशी झगडत होते. त्यांनी कचरूला विचारलं, कुटुंब एकत्र आहे ना? कचरू म्हणाला, बिलकुल एकत्र. भाऊंनी ढेकर दिला. ग्रामसेवकाने भाऊंना हार घातला, फोटो निघाला, पंचांनी टाळ्या वाजवल्या, घर मंजूर झालं. बेबीनंदाच्या चेहऱ्यावरचा आनंद मी बघितला. तो फार वेळ टिकला नाही.

कारण नियमाप्रमाणे नोकरी कुटुंबप्रमुखाला द्यायची होती. भाऊंनी ताटावरूनच, डाव्या हाताने, आदेश कचरूच्या हातात ठेवला. मी त्यांच्या कानाशी म्हटलं, भाऊ, ही पाळणाघराच्या सेविकेची जागा आहे. भाऊ सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले की पुरुषाने लेकरं सांभाळली तर बिघडलं कुठं, समानतेचा जमाना आहे. पुन्हा टाळ्या. सेविकेची गुलाबी साडीही आदेशासोबत होती, ती कचरूच्या खांद्यावर घालण्यात आली.

कचरूने साडी चाचपली, पाय लांब केले आणि जाहीर केलं, "मंग मी आता हितंच राहातो. नोकरी सोडून कसं जावं?"

बाहेर उषाबाई ताडकन उठली आणि डाळ परत घ्या, माणूस परत द्या, असं म्हणायला लागली. तिच्याकडे कोणी बघेना. बेबीनंदाने हातातली भाकरी टोपल्यात ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मला इतका संताप आला, की भाऊंसाठी ठेवलेला ओवा मीच तोंडात टाकला. या माणसाला बारा वर्षांनी आपल्या घरातलं पाणी कुठं असतं ते आठवत नव्हतं, आणि आम्ही सरकार म्हणून येऊन त्याला नोकरी, साडी आणि दोन बायका देऊन निघालो होतो.

तेव्हा गोजरबाई चुलीपासून उठली. तिने भाऊंना विचारलं, "भाऊ, आमचं घर मंजूर झालं का बराबर?"

"झालं की."

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर. काळजी सोड."

"मंग आता आमच्यात वाटणी करायचीय. पंच हाईतच."

आमच्या भागात एखादा भाऊ वेगळा निघाला की घरातलं वडीलधारं माणूस त्याच्यापुढे तवा, परात, तांब्या ठेवतं, पहिल्या भाकरीचं पीठ देतं आणि घरच्या चुलीतला विस्तव देतं. चार माणसं बघतात. तिथून त्याचं घर वेगळं, मग त्याला कुठला कागद लागत नाही. नवऱ्याला कोणी असं वेगळं काढल्याचं मी ऐकलं नव्हतं. गोजरबाईने तवा आणला, परात आणली, तांब्या आणला, परातीत पीठ घातलं. मग छपराच्या फुटक्या कवेलूवर दोन निखारे घेऊन ते कचरूच्या पाटासमोर ठेवले.

"आजपासून तुझी चूल येगळी," ती म्हणाली. पंचांनी सवयीने माना हलवल्या. माना हलवल्यावर त्यांच्या लक्षात आलं, पण हललेली मान परत घेता येत नाही.

भाऊंचा घास हातातच राहिला. त्यांनी मला विचारलं, हे चालतं का? आणि मी, जो नियम सांगताना नेहमी कंटाळतो, तो उभा राहून खणखणीत आवाजात सांगायला लागलो. मंजूर घरातला एखादा रुसून निघाला म्हणून बाकीच्यांचं नुकसान होऊ नये, असं भाऊंनीच नियमात घालून घेतलं होतं. जो वेगळी चूल मांडील त्याचा हक्क जाईल, घराचा हक्क तसाच राहील.

"पण मंग," भाऊ म्हणाले, "मधला माणूस गेल्यावर ह्या दोघी एकमेकींच्या कोण?"

ग्रामसेवक कागद उलटसुलट करायला लागला. कोंबड्या डालीत कुरकुरत होत्या. भाऊंचा प्रश्न वाईट नव्हता, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

गोजरबाई म्हणाली, "एका चुलीवरच्या."

भाऊंनी उरलेली भाकरी संपवली, ताटात हात धुतला आणि मला म्हणाले की आदेश नवा लिही, प्रमुख गोजरबाई. गोजरबाई म्हणाली, माझं वय झालं, प्रमुख बेबीलाच लिहा, नोकरी तिला द्या. मी तिथेच गुडघ्यावर कागद ठेवून लिहिलं. अक्षर इतकं चांगलं माझं लग्नपत्रिकेवरसुद्धा आलं नव्हतं.

कचरूच्या खांद्यावरची साडी ग्रामसेवकाने काढून घेतली. कचरू तवा काखेत मारून, निखारे सांभाळत बसथांब्याकडे निघाला आणि उषाबाई त्याच्या मागून त्याला ढकलत चालली. कंडक्टरने विस्तव गाडीत घेऊ दिला नाही. कचरूने निखारे रस्त्यावर ओतले, उषाबाईने ते चपलेने विझवले नाहीत म्हणून तिला दोन शब्द ऐकवले आणि गाडी गेली.

भाऊ जीपमध्ये जाऊन आडवे झाले. मी आदेशाची प्रत द्यायला परत वळलो, तर बेबीनंदा गुलाबी साडी छातीशी धरून दारात रडत होती. मी म्हटलं, आता कशाला रडता, नोकरी मिळाली. तिने ऐकलंच नाही, ती गोजरबाईशी बोलत होती.

"आक्का, इतके दिवस कोणी इचारलं की मी सांगायचे, जाफराबादला गेलेत, येतील. आता काय सांगू?"

गोजरबाईने तिच्या हातातली साडी घेतली, घडी नीट केली आणि परत तिच्या हातात दिली.

"सांग, वाटणी झाली."